टीप क्रमांक एकतीस

तीस मार्चच्या रात्री, बॅलार्ड इस्टेटच्या चौथ्या मजल्यावर
आम्ही तिघे होतो, आणि एक तोटा.
एकोणीस कोटी चाळीस लाख.
जेवढी औषधं बाहेर पाठवली
त्याच्या तिप्पट डॉलर आधीच विकून बसलो होतो,
डॉलर स्वस्त होईल या भरवशावर.
तो झाला नाही.

कोठावळे साहेबांनी कोट काढून खुर्चीला घातला,
खुर्चीला थंडी वाजत असावी तसा.
म्हणाले, तोटा विकता येत नाही,
त्याची तारीख विकता येते.

मग बँकेचा पोरगा आला, तरतरीत,
बॅगेत नवा करार: जुनाच भाव, नवी मुदत.
मधला फरक बँकेने गिळला,
ढेकर मात्र व्याजासकट आमच्या नावावर,
आणि व्याजालाही दुसरंच नाव.
वर आम्ही एक ऑप्शन विकला.
आग लागली तर भरायचं आपण,
पण आग एप्रिलनंतरची,
हप्ता मार्चचा.
तीन कोटी. इतर उत्पन्न.
पहाटे इराण्याकडून ब्रून आणि चहा आला.
मी पाव बुडवला तो अर्धा कपातच राहिला.

सकाळी ताळेबंदात तोटा नव्हता.
टीप क्रमांक एकतीस होती.
ती मी लिहिली, साडेसहा पॉइंटात.

मराठी पेपरातल्या जाहिरातीसाठी
डेरिव्हेटिव्हला शब्द शोधला: व्युत्पन्न.
आमच्या आळीत हा शब्द शास्त्रीबुवांसाठी राखून ठेवलेला,
व्युत्पन्न माणूस, चार शास्त्रं कोळून प्यालेला.
आणि वायदा म्हणजे तर
आई दूधवाल्याला करायची तो.
एक तारखेचा. ती तो पाळायची.

जुलैत चर्चगेटच्या सभागृहात भागधारकांची सभा.
प्रत्येकाला एक खोका: समोसा, बर्फीचा तुकडा, टूथपिक.
लाभांश जाहीर झाला, टाळ्या झाल्या.
मग माईकशी आल्या मीनाक्षी तळपदे,
टेलिफोन खात्यातून निवृत्त, शेअर दोनशे चाळीस,
एका हातात अहवाल, दुसऱ्यात भिंग,
पोस्टाची तिकिटं बघायचं असतं तसलं.

म्हणाल्या, पान एकशे अठ्ठ्याहत्तर. टीप एकतीस.
आमच्या भिशीत एक बाई होती,
मागची भिशी फेडायला पुढची उचलायची.
आम्ही त्याला याची टोपी त्याला म्हणायचो.
तुम्ही काय म्हणता?

अध्यक्ष हसले. ही तांत्रिक बाब आहे, मॅडम.
आपण अल्पोपाहार घेतलात ना?
घेतला, बाई म्हणाल्या.
त्याचा खर्च कुठल्या टिपेत आहे?

सभागृह हसलं. हसण्यातच ठराव मंजूर झाला.
लेखापरीक्षक खोक्याचा दोरा सोडवत होते.
बराच वेळ सोडवत होते.

बाहेर जिन्यावर त्यांनी मला गाठलं.
कोणी सांगितलं असेल, की माझ्या मांडीवरची फाईल बोलली,
कोण जाणे.
तुम्ही लिहिलीत ना ही?
वाक्य वाचून दाखवलं, भिंगाशिवाय, तोंडपाठ:
सदर करारांची पुनर्रचना करण्यात आली.
म्हणाल्या, मी चाळीस वर्षं तक्रारी लिहून घेतल्या.
फोन बंद आहे, असं कोणी सांगितलं
की विचारायचे, कोणी तोडला?
तुमच्या वाक्याला कर्ताच नाही.

माझ्या तोंडात समोसा होता.
मी म्हटलं, छापताना राहिला असेल.

बरं, त्या म्हणाल्या,
भिंग रुमालात गुंडाळलं, रुमाल पर्सच्या आतल्या कप्प्यात.
पुढच्या वर्षी छापा.

डिसेंबरात तारीख परत आली,
एकटी नव्हती, व्याजाची पिल्लं घेऊन.
कोठावळे साहेब सिंगापूरला होते, त्यांचा कोटही.
तीनशे बारावरचा शेअर एकेचाळीसवर आला,
दोनशे चाळीस गुणिले एकेचाळीस
मी कॅल्क्युलेटरवर केलं. दोनदा केलं.

पुढच्या वर्षी सभा झाली नाही.